मुंबईतील गिरणी कामगारांचे संप (१८८४–१९८३) : प्रतिनिधित्वाचा प्रश्न व त्याची आजची प्रस्तुतता

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या आधुनिक सामाजिक इतिहासात मुंबईच्या कापड गिरण्यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथील त्यांच्या गिरणीत प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, भायखळा, वरळी या परिसरात गिरण्यांची दाटी झाली व त्याला ‘गिरणगाव’ हे नाव रूढ झाले. कोकण व घाटमाथ्यावरील लाखो कुटुंबांचे जीवन या वस्तीशी जोडले गेले. या कामगारांनी सुमारे एक शतकभर वेळोवेळी संप केले. त्यातील काही संप यशस्वी झाले, बरेचसे अयशस्वी ठरले, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला अखेरचा सार्वत्रिक संप तर औपचारिकरीत्या कधी मागेच घेतला गेला नाही.

संपाचा विषय निघाला म्हणजे सामान्यतः दोन टोकाची मते ऐकू येतात. एका मतानुसार संप हे कामगारांच्या मुक्तीचे एकमेव साधन होय. दुसऱ्या मतानुसार संपांनी मुंबईचे उद्योग बुडविले व म्हणून ते साधन आता कालबाह्य झाले आहे. दोन्ही मते संपाकडे एक घटना म्हणून पाहतात, त्यामागील प्रक्रिया ध्यानात घेत नाहीत. संप घडतो तेव्हा वेतन, कामाचे तास, बोनस या मागण्या पुढे असतात हे खरे. तथापि त्यांच्या मुळाशी आणखी एक प्रश्न सतत उभा असतो. कामगारांच्या वतीने बोलावे कोणी आणि ते कोणी ठरवावे, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात मुंबईतील गिरणी संपांचा इतिहास या प्रश्नाच्या अनुषंगाने तपासला आहे.

उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. १८८४ ते १९८३ या कालखंडातील प्रमुख संपांच्या कारणांचा व परिणामांचा आढावा घेणे.
२. संपाच्या चळवळीत दलित, स्त्री व बदली कामगारांचे स्थान काय होते, हे पाहणे.
३. कामगारविषयक कायद्यांनी संपाचे स्वरूप कसे बदलले, याचे विश्लेषण करणे.
४. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेच्या पार्श्वभूमीवर या इतिहासाची प्रस्तुतता स्पष्ट करणे.

लेखाची व्याप्ती मुख्यतः मुंबईतील कापड गिरण्यांपुरती मर्यादित आहे. नागपूर व अहमदाबाद येथील घटनांचा उल्लेख तुलनेपुरताच आला आहे.

१. संघटनेपूर्वीचा काळ

हिंदुस्थानातील कापड उद्योगात कामगार संघटना जन्मास येण्यापूर्वीच संप होऊ लागले होते. नागपूरच्या एम्प्रेस गिरणीत १८७७ मध्येच वेतनाच्या प्रश्नावरून कामगारांनी काम बंद केल्याची नोंद आढळते. मुंबईतही त्या काळात एकेका गिरणीत किंवा एकेका खात्यात लहान संप होत असत. या संपांना लेखी मागणीपत्र नसे, वर्गणी नसे, पदाधिकारी नसत. खात्यातील मुकादम, म्हणजे जॉबर, हाच कामगारांची भरती करणारा, त्यांना रजा देणारा, प्रसंगी कर्जाऊ पैसे देणारा असे. त्यामुळे मालकाच्या वतीने शिस्त लावणारा आणि कामगारांच्या वतीने गाऱ्हाणे मांडणारा माणूस एकच असे. प्रतिनिधित्वाचा पेच तेथूनच सुरू होतो.

या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांचे कार्य महत्त्वाचे ठरते. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढ्याच वेळेत, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि अपघातग्रस्त कामगारास मदत अशा त्यांच्या मागण्या होत्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यात आले. याच वर्षी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ची स्थापना झाली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथे झालेल्या सुमारे दहा हजार कामगारांच्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

लोखंडे यांच्या असोसिएशनला सभासदांची यादी, निधी किंवा लेखी घटना नव्हती, म्हणून काही अभ्यासक तिला आधुनिक अर्थाने कामगार संघटना मानत नाहीत. हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे. परंतु मुकादमाच्या मध्यस्थीविना कामगारांचे म्हणणे सरकारपुढे व मालकांपुढे लेखी स्वरूपात प्रथम गेले ते याच प्रयत्नामुळे, हे नाकारता येत नाही.

२. संपाचा विस्तार : १९०८ ते १९२५

विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले. त्यामुळे सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा संपली आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. तंत्रज्ञानामुळे श्रम कमी होतात हा समज कामगारांच्या अनुभवास उतरला नाही.

जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर गिरणी कामगारांनी शिक्षेच्या प्रत्येक वर्षामागे एक दिवस याप्रमाणे सहा दिवस संप पाळला. वेतनाचा संबंध नसलेला हा संप होता आणि त्याची दखल लेनिनने घेतली. कामगार हा केवळ आर्थिक मागणीपुरता विचार करतो, या गृहीतकाला या घटनेने छेद दिला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मालकांचा नफा वाढला, परंतु महागाईच्या मानाने वेतन वाढले नाही. जानेवारी १९१९ मध्ये एक लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. १९२० च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस रूढ झाला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, ना. म. जोशी व जोसेफ बॅप्टिस्टा यांचा त्यात पुढाकार होता.

१९२५ चा संप विशेष अभ्यसनीय आहे. मालकांनी साडेअकरा टक्के वेतनकपात जाहीर केली व कामगारांनी ती नाकारली. सप्टेंबरमध्ये सुरू झालेला हा संप डिसेंबरपर्यंत चालला. देशी कापडावरील साडेतीन टक्के उत्पादन शुल्क सरकारने स्थगित केले आणि मालकांनी कपात मागे घेतली. या तडजोडीचा लाभ मालक व कामगार दोघांनाही झाला. वसाहतिक आर्थिक धोरणाचा भार मालक कामगारांच्या माथी मारू पाहत होते, तो कामगारांच्या प्रतिकारामुळे पुन्हा सरकारकडे गेला, असे या संपाचे वर्णन करता येईल.

३. १९२८ चा सार्वत्रिक संप

१९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा संमत झाला आणि संघटनेस नोंदणीचा व काही कायदेशीर संरक्षणाचा हक्क मिळाला. याच सुमारास जपानी मालाच्या स्पर्धेस तोंड देण्यासाठी मालकांनी ‘कार्यक्षमता योजना’ आणली. विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, कताई खात्यातील कामगाराने अधिक चात्या सांभाळाव्यात, असे तिचे स्वरूप होते. माणशी उत्पादन वाढावे व माणसे कमी व्हावीत हा हेतू उघड होता.

एप्रिल १९२८ मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे दीड लाख कामगार उतरले आणि तो ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सुमारे सहा महिने चालला. संप चालू असतानाच मे महिन्यात ‘गिरणी कामगार युनियन’ (लाल बावटा) स्थापन झाली. श्रीपाद अमृत डांगे, शां. सा. मिरजकर, रा. शि. निंबकर, के. एन. जोगळेकर यांच्याबरोबर अ. आ. आळवे, गो. रा. कासले हे प्रत्यक्ष गिरणीत काम करणारे कामगार तिच्या नेतृत्वात होते. ना. म. जोशी यांच्या नेमस्त संघटनेबरोबर संयुक्त संप समिती नेमली गेली. प्रारंभी काही शेकड्यांत असलेली नव्या युनियनची सभासदसंख्या वर्षअखेर पन्नास हजारांच्या वर गेली. अखेरीस वादग्रस्त मुद्दे फॉसेट समितीकडे सोपविण्यात आले.

सहा महिने वेतनाविना कामगार टिकले कसे, याचे उत्तर गिरणगावाच्या सामाजिक रचनेत सापडते. अनेक कामगार गावी परतले व शेतीच्या कामास लागले. चाळीतील वाणी उधारी देत राहिला. खानावळवालीने पैशासाठी तगादा लावला नाही. गावकीच्या खोल्यांत एकमेकांना आधार मिळाला. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी आपल्या लेखनात वस्ती, गाव व गिरणी यांतील हे संबंध तपशीलाने उलगडून दाखविले आहेत. कामगाराची गावाशी असलेली नाळ ही त्याच्या वर्गजाणिवेतील उणीव होय, असे पूर्वी मानले जाई. संपकाळात तीच नाळ त्याचे बळ ठरली.

मार्च १९२९ मध्ये मीरत कट खटल्यात युनियनच्या प्रमुख नेत्यांना अटक झाली. त्याच वर्षी औद्योगिक तंटे कायदा आला आणि १९२९ चा दुसरा सार्वत्रिक संप अपयशी ठरला. संघटना नेत्यांभोवती उभी राहते तेव्हा नेते गेल्यावर तिची काय अवस्था होते, याचा हा पहिला मोठा धडा होता.

४. संपाच्या कक्षेबाहेरचे कामगार

संपाच्या इतिहासलेखनात ‘कामगार’ हा एकसंध घटक मानण्याची प्रथा आहे. वस्तुस्थिती तशी नव्हती. विणाई खात्यात वेतन अधिक असे, परंतु त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते, म्हणून विटाळ होतो, असे कारण सवर्ण विणकर पुढे करीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न ठामपणे उपस्थित केला. त्यांच्या आग्रहामुळे ही मागणी पुढे आली, परंतु संपाच्या नेतृत्वाने ती स्वतःहून मांडली नव्हती. आपल्याच सहकाऱ्याला एका खात्याचे दार बंद ठेवणारे कामगार मालकाकडे न्याय मागत होते, ही विसंगती बाबासाहेबांनी दाखवून दिली. १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला, त्याची पार्श्वभूमी ही आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथील अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे प्रतिपादन केले, तेही याच अनुभवातून.

स्त्री कामगारांची कथा वेगळी आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारणपणे पाचपैकी एक कामगार स्त्री होती. त्या प्रामुख्याने वायंडिंग व रिळिंग खात्यांत काम करीत आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या स्त्रीस ‘नायकीण’ म्हणत. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांनी या स्त्रियांना संघटित केले व मोर्चांत त्यांचा सहभाग लक्षणीय राहिला. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. मात्र यांत्रिकीकरण आले तेव्हा पहिली कुऱ्हाड स्त्रियांच्या खात्यांवर पडली आणि १९८२ पर्यंत गिरण्यांतील त्यांचे प्रमाण नगण्य झाले होते. त्यांच्या कपातीविरुद्ध सार्वत्रिक संप झाला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तिसरा घटक बदली कामगारांचा. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळावे म्हणून हे लोक रोज गिरणीच्या दाराशी उभे राहत. १९३५ मध्ये मालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. परंतु वर्षानुवर्षे बदलीवर राहणारा मोठा वर्ग कायम राहिला. संपात त्याचे नुकसान सर्वांत मोठे आणि तडजोडीत त्याचा वाटा सर्वांत लहान, असे सामान्यतः घडले.

५. कायदा आणि ‘प्रातिनिधिक संघटना’

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. १९३८ च्या औद्योगिक तंटे विधेयकाने समेटाची प्रक्रिया सक्तीची केली व ती चालू असताना केलेला संप दंडनीय ठरविला. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात या विधेयकास कडाडून विरोध केला. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव होय, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. इच्छेविरुद्ध काम करण्यास भाग पाडणे ही गुलामगिरी ठरते, असे ते मानत. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला. दहा वर्षांपूर्वी परस्परांच्या विरोधात असलेले हे दोन प्रवाह कामगार मैदानावर एकत्र आले, याचे कारण उघड होते. वाद वेतनाचा असता तर मतभेद राहिले असते. येथे संप करण्याचा अधिकारच पणाला लागला होता.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने पुढचे पाऊल टाकले. एका क्षेत्रातील एका उद्योगासाठी एकच ‘प्रातिनिधिक संघटना’ मान्य होईल व वाटाघाटीचा अधिकार तिलाच राहील, अशी तरतूद झाली. संघटनांमधील स्पर्धा टळावी व उद्योगात शांतता नांदावी हा हेतू सांगितला गेला आणि तो सर्वस्वी असमर्थनीय नव्हता. परंतु प्रातिनिधिकत्व कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरत नव्हते. ते निबंधकाकडील सभासदनोंदीवर ठरत होते. कापड उद्योगात हा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघास मिळाला व तो दीर्घकाळ टिकला. १९५० मध्ये बोनसच्या प्रश्नावर समाजवाद्यांच्या नेतृत्वाखाली त्रेसष्ट दिवसांचा संप झाला. बहुसंख्य कामगार संपात होते; तथापि वाटाघाटीचा कायदेशीर अधिकार त्यांच्या नेत्यांकडे नव्हता. हाच प्रसंग बत्तीस वर्षांनी अधिक मोठ्या प्रमाणात पुन्हा उद्भवला.

या मधल्या काळात गिरणी कामगार राजकीयदृष्ट्या निष्क्रिय होता असे नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांच्या उठावाला त्याने संपाने पाठिंबा दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव अग्रभागी राहिले व हुतात्म्यांत कामगारांची संख्या मोठी होती. एवढे मोठे राजकीय बळ असलेल्या वर्गाला स्वतःच्या वेतनावर बोलणी करणारी संघटना मात्र निवडता येत नव्हती.

६. १९८२ चा संप

१९८१ च्या दिवाळीपूर्वी बोनसच्या प्रश्नावर असंतोष उफाळला. मान्यताप्राप्त संघटनेने केलेली तडजोड अनेक गिरण्यांतील कामगारांना मान्य नव्हती. अभियांत्रिकी व अन्य कारखान्यांत भरघोस वेतनवाढ मिळवून देणारे नेते म्हणून डॉ. दत्ता सामंत यांची ख्याती झाली होती. कामगार त्यांच्या घाटकोपर येथील कार्यालयात गेले व नेतृत्व स्वीकारण्याचा आग्रह त्यांनी धरला. ऑक्टोबर १९८१ मध्ये काही गिरण्यांत संप सुरू झाला आणि १८ जानेवारी १९८२ पासून तो सार्वत्रिक झाला. सुमारे साठ गिरण्यांतील अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात सहभागी झाले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे या प्रमुख मागण्या होत्या.

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची होती व तीच तडजोडीच्या आड आली. सामंतांशी बोलणी करणे म्हणजे कायद्याने मान्य केलेली संघटना बाजूस सारणे, अशी सरकारची व मालकांची भूमिका राहिली. केंद्र सरकारच्या दृष्टीने प्रश्न मुंबईपुरता नव्हता. सामंतांना येथे यश मिळाल्यास गोदी व इतर उद्योगांतील मान्यताप्राप्त संघटनांचे स्थान डळमळीत होईल अशी भीती होती. मालकांनाही घाई नव्हती. गोदामांत माल पडून होता, गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर कापड स्वस्तात विणून घेता येत होते. १९२८ मध्ये उत्पादन थांबले की मालक अडचणीत येत असे. १९८२ मध्ये तसे झाले नाही. संपाचे हत्यार तेच होते, परंतु ज्यावर ते चालवायचे तो उद्योगच बदलला होता.

ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. एक लाखाहून अधिक कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत डॉ. सामंत मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघातून अपक्ष म्हणून निवडून आले. देशभर काँग्रेसची लाट असताना कामगारांनी आपला प्रतिनिधी मतपेटीतून निवडला. कारखान्याच्या दारात त्यांना तो निवडता आला नव्हता. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. सामंत यांची हत्या झाली.

७. संपामुळे गिरण्या बंद पडल्या काय?

१९८२ च्या संपाने गिरण्या बुडविल्या, हे विधान इतके रूढ झाले आहे की त्याची तपासणी क्वचितच होते. ती करण्याचा एक मार्ग म्हणजे अहमदाबादशी तुलना. १९१८ च्या लढ्यात महात्मा गांधींनी उपोषण केले व लवादाचे तत्त्व पुढे आले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या मजूर महाजनाने संघर्षाऐवजी समेटाचा मार्ग पत्करला. अहमदाबादेत १९८२ सारखा प्रदीर्घ संप झाला नाही. तरीही १९८० व १९९० च्या दशकांत तेथील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या व तेथेही लाखाच्या घरात कामगार रस्त्यावर आले. यावरून यंत्रमागांची स्पर्धा, आधुनिकीकरणाकडे झालेले दुर्लक्ष व बदललेले वस्त्रधोरण ही कारणे संपाहून अधिक खोल होती, असा निष्कर्ष काढता येतो. संपाने मुंबईतील ऱ्हासाची गती वाढविली एवढेच फार तर म्हणता येईल.

मुंबईत आणखी एक कारण होते : जमीन. सुमारे सहाशे एकर गिरणी जमिनीचे मूल्य कापडाच्या नफ्याहून कितीतरी अधिक झाले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेस, एक तृतीयांश म्हाडास व उरलेला मालकास मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी केवळ मोकळ्या जमिनीस लागू केली. परिणामी सार्वजनिक वाटा फारच घटला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. त्यानंतर कामगारांची मुख्य मागणी घरांची झाली व म्हाडाने त्यांच्यासाठी सोडती काढल्या. वेतनापासून सुरू झालेला लढा निवाऱ्यापाशी येऊन ठेपला. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात संपानंतरच्या कामगार कुटुंबाच्या विघटनाचे चित्रण आले आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी ते साधन म्हणूनही पाहावे.

८. आजची प्रस्तुतता

केंद्र सरकारच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आल्या. त्यातील औद्योगिक संबंध संहितेनुसार सर्व औद्योगिक आस्थापनांत संपापूर्वी चौदा दिवसांची सूचना आवश्यक आहे. समेटाची कार्यवाही चालू असताना संप करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संप ठरते. ले-ऑफ, कपात वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारच्या पूर्वपरवानगीची अट आता तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच आहे. पूर्वी ही मर्यादा शंभर होती. १९३८ च्या विधेयकावरील वाद वाचणाऱ्यास यातील बऱ्याच बाबी ओळखीच्या वाटतील.

संहितेने वाटाघाटीसाठी एक्कावन्न टक्के सभासदत्व असलेल्या संघटनेस मान्यता देण्याची व तशी संघटना नसल्यास वाटाघाटी परिषद नेमण्याची तरतूद केली आहे. अनेक संघटनांना परिषदेत स्थान मिळू शकते, ही १९४६ च्या कायद्याच्या तुलनेत सुधारणा आहे. परंतु सभासदत्वाची पडताळणी प्रामाणिकपणे व ठरावीक काळाने होणार की नाही, यावर तिचे यश अवलंबून राहील. महाराष्ट्रातील राज्य परिवहन कर्मचाऱ्यांच्या संपाने या प्रश्नाची तीव्रता दाखवून दिली. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात चाललेल्या त्या संपात कर्मचारी प्रस्थापित संघटनांना बाजूस सारून उतरले. राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी मान्य झाली नाही व अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कर्मचारी कामावर परतले. बोलणी करणारे व संप करणारे यांच्यात अंतर पडले की संप लांबतो व तडजोड करणारा कोणी उरत नाही, हे १९८२ प्रमाणेच येथेही दिसले.

कामाच्या तासांचा प्रश्नही पुन्हा पुढे आला आहे. साप्ताहिक अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा १९४६ मध्ये, डॉ. आंबेडकर मजूर खाते सांभाळत असतानाच्या प्रयत्नांतून, कायद्यात आली. २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. साप्ताहिक मर्यादा तीच ठेवली असली, तरी एका दिवसाचे श्रम किती असावेत हा लोखंडे यांचा प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहतो.

नव्या काळातील बदली कामगार मात्र गिरणीच्या दाराशी उभा नाही. तो दुचाकीवर बसून मोबाईलवरील पुढच्या कामाची वाट पाहतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये अशा गिग कामगारांची संख्या सुमारे ७७ लाख होती व २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची व्याख्या केली. परंतु औद्योगिक संबंध संहितेच्या अर्थाने वाटाघाटी करणारा पक्ष म्हणून त्यांना स्थान मिळालेले नाही. त्यांच्याजवळ चाळ नाही, ओळखीचा वाणी नाही, समोर दिसणारा मुकादमही नाही. १९२८ चा संप ज्या सामाजिक आधारावर टिकला तो आधार नव्याने कसा उभारावा, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न आहे.

उच्च शिक्षणाचे क्षेत्रही याला अपवाद नाही. तासिका तत्त्वावर नेमल्या जाणाऱ्या अध्यापकाची स्थिती बदली कामगाराशी मिळतीजुळती आहे. सुट्टीचे वेतन नाही, पुढील सत्राची खात्री नाही. प्राध्यापकांच्या संघटनांनी १९७० नंतर अनेक आंदोलने केली व वेतनश्रेणी मिळविल्या. त्या लाभांच्या कक्षेत तासिका तत्त्वावरील अध्यापक कितपत आले, हा प्रश्न विणाई खात्याच्या बंद दाराची आठवण करून देतो.

निष्कर्ष

१. मुंबईतील गिरणी संपांच्या मुळाशी वेतन व कामाचे तास यांबरोबरच प्रतिनिधी निवडण्याच्या हक्काचा प्रश्न सातत्याने होता.
२. संप टिकण्यामागे नेतृत्वाइतकाच वस्ती, गाव व उधारीच्या संबंधांचा वाटा होता.
३. दलित, स्त्री व बदली कामगारांचे प्रश्न दुय्यम मानल्याने चळवळीची ताकद आतून कमी झाली.
४. कायद्याने ठरविलेला प्रतिनिधी आणि कामगारांनी मानलेला प्रतिनिधी भिन्न असले, तर औद्योगिक शांतता साधत नाही. संघर्ष केवळ लांबणीवर पडतो.
५. गिरण्या बंद पडण्याचे मूळ कारण १९८२ चा संप हे नव्हे. अहमदाबादचा अनुभव त्यास पुरावा आहे.

संपाचे साधन कालबाह्य झाले की नाही, याचे उत्तर इतिहास थेट देत नाही. संप टाळावयाचा असेल तर कामगारास आपला प्रतिनिधी मुक्तपणे निवडता आला पाहिजे, एवढे मात्र तो स्पष्टपणे सांगतो. गुप्त मतदानाने संघटनेस मान्यता द्यावी, ही मागणी गिरणगावातून अनेक दशके होत राहिली. अडीच लाख कामगारांच्या मताची मोजणी १९८२ मध्ये झाली असती, तर संपाचा शेवट कदाचित निराळा झाला असता. नव्या संहितांची अंमलबजावणी करताना शासनाने व संघटनांनी या अनुभवाची नोंद घेणे अगत्याचे आहे.